लिस्बनला जाताना

(ट्रस्टच्या महोत्सवी कौटुंबिक संमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या महोत्सवात परदेशप्रवासावर भाषण कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या पेडणे आणि डिचोली या दोन महालांतील किती घरांतून माणसे लिस्बनला गेली, याची मोजदाद आम्ही सहज बोलता बोलता करू लागलो, आणि मोजता मोजता हातांची बोटे संपली. कोणी मुलाकडे गेले, कोणी सुनेच्या बाळंतपणाला, कोणी जुन्या कागदासाठी, तर कोणी नुसतेच शहर पाहायला. जाऊन आलेल्या आम्हा चौघा-पाचजणांना कार्यकारी मंडळाने सांगितले की, तुमच्या अनुभवाचा उपयोग इतरांना होऊ द्या. म्हणून आम्ही मिळून ही टिपणे तयार केली आणि एकाच्या तोंडून ती आपल्यापुढे मांडीत आहोत.

लिस्बन हे आपणास लंडन-पॅरिससारखे केवळ परके शहर नाही. डिचोलीवर 1781 नंतर आणि पेडण्यावर 1788 नंतर 1961 पर्यंत जो अंमल चालला, त्याचे शेवटचे हुकूम याच शहरातून सुटत. आपल्या पणजोबांच्या जमिनीचे, करांचे आणि तुरुंगवासाचे निर्णय ज्यांनी केले, ती माणसे तेथे बसत होती. म्हणून तेथे जाणाऱ्या आपल्या माणसाची तयारी इतर प्रवाशांपेक्षा थोडी निराळी असावी, असे आम्हास वाटते. आमचे सांगणे मुख्यतः एकच आहे : लिस्बनला अवश्य जा, पण निघण्यापूर्वी घरातली कागदांची पेटी उघडा, आणि तेथे गेल्यावर समजल्याशिवाय कोठेही सही करू नका. बाकीचे सारे या दोन गोष्टींच्या भोवती आहे.

प्रथम प्रवास. वास्को द गामा 8 जुलै 1497 रोजी लिस्बनहून निघाला तो 20 मे 1498 रोजी कालिकतला पोहोचला. पुढे सुवेझचा कालवा झाला, आगबोटी आल्या, तरीही मुरगावहून लिस्बनचा प्रवास काही आठवड्यांचाच होता. आज पेडणे महालातच, मोप्याच्या पठारावर, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. त्याचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुटू लागली. ज्या पठारावर आपली गुरे चरत असत, तेथून आज माणूस जगाच्या दुसऱ्या टोकास निघू शकतो. ते पठार देताना काही कुटुंबांनी काय गमावले हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून तेथून विमानात बसताना त्यांचीही आठवण ठेवावी. गोव्याहून थेट लिस्बनला जाणारे विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीमार्गे, अथवा आखातातील किंवा युरोपातील एखाद्या शहरी विमान बदलून जावे लागते. वयस्कर माणसांनी मधल्या थांब्याला निदान तीन तास मिळतील असेच तिकीट काढावे. चाकाची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच नोंदवावी, त्यात कमीपणा मानू नये.

प्रवेशपत्र म्हणजे व्हिसा. पोर्तुगाल हा शेंगेन नावाच्या युरोपीय संघटनेत आहे. या प्रवेशपत्रावर 180 दिवसांच्या मुदतीत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. त्याच परवान्यावर शेजारच्या स्पेन-फ्रान्समध्येही जाता येते, पण ते दिवसही त्याच 90 मध्ये मोजले जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. आमचा सल्ला दोन महिने आधीचा. पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावे, दहा वर्षांहून जुने नसावे, आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. निदान 30,000 युरोचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. प्रौढांचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. मुलाकडे राहायचे असेल तर त्याच्याकडून तिकडच्या पद्धतीचे जबाबदारीचे पत्र मागवून घ्यावे. पणजीत पोर्तुगालची वकिलात आहे, त्यामुळे या कामासाठी कोणा मध्यस्थामागे धावण्याची गरज नाही. अर्ज स्वतः भरावा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीकडून भरून घ्यावा. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने एका दलालाच्या हाती मूळ कागद दिले, ते परत मिळविण्यास त्यांना चार महिने खेटे घालावे लागले. नकला द्याव्यात, मूळ कागद हातचे सोडू नयेत.

येथेच नावाचा घोळ सांगून ठेवतो. आपल्या वाडवडिलांची नावे पोर्तुगीज दफ्तरात त्यांच्या कानाला ऐकू आली तशी उतरली. पेडण्याचे झाले पेर्ने, डिचोलीचे झाले बिशोलीं. शेणव्यांचे झाले सिनाई, प्रभूंचे पोरोबो, कामतांचे कामोतीं. आजोबांच्या जन्माच्या दाखल्यावर एक नाव, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आपल्या आधारकार्डावर तिसरे, असे झाले तर परक्या देशातील कारकुनाने गोंधळून जाऊ नये म्हणून काय करावे? एका वहीत तीन पिढ्यांची नावे, प्रत्येक कागदावर जशी लिहिली आहेत तशीच, रोमन अक्षरांत उतरवून घ्यावीत. पारपत्रावरचे आणि तिकिटावरचे नाव मात्र अक्षर न् अक्षर सारखे असावे.

आता सामानाचा विचार. आईचा जीव असा की, मुलाला दूध-तुपाचे पदार्थ बांधून द्यावेत. परंतु युरोपात बाहेरून येणाऱ्या माणसाला दूध आणि दुधाचे पदार्थ तसेच मांस नेण्यास मनाई आहे. तेव्हा तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावे. ताज्या फळांनाही सरकारी तपासणीचा दाखला लागतो, म्हणून मानकुराद आंब्याची करंडी नेता येत नाही. या नियमातून अननस, केळी, नारळ, खजूर अशी मोजकी फळे सुटली आहेत. म्हणजे नारळ तिकडच्या जकातीवर अडत नाही. फक्त विमान कंपनी सामानात घेते की नाही ते आधी विचारावे. मासळीस स्वतःच्या खाण्यापुरती मुभा आहे, पण सुके बांगडे नेणाऱ्याने ते असे बांधावेत की, शेजारच्या उतारूंना त्यांचा पत्ता लागू नये. कोकमे, पापड, तिरफळे यांचे पुडे दुकानातले, वर नाव छापलेले असावेत. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातपिशवीत ठेवावीत. विजेची खुंटी तिकडे दोन गोल काट्यांची असते. आपली तीन काट्यांची चालत नाही, जोड घेऊन जावी.

केव्हा जावे? आपल्याकडे मृग कोसळू लागला की तिकडे कोरडा, कडक उन्हाळा सुरू होतो, आणि तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सुखाचे. शिगमा आटोपून निघावे किंवा चवथ करून निघावे, म्हणजे घरचा देवही रुसत नाही आणि हवाही चांगली मिळते. घड्याळ तिकडे हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते. तेथे संध्याकाळी जेवून निवांत दूरध्वनी करू म्हणाल, तर येथे मध्यरात्र झालेली असेल.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि तेथूनच भुयारी रेल्वे सुटते. या रेल्वेचे चार मार्ग रंगांनी ओळखले जातात, म्हणून भाषा येत नसली तरी माणूस चुकत नाही. विमानतळावरून लाल मार्गाने निघून अलामेदा या स्थानकावर हिरव्या मार्गाची गाडी धरली की शहराच्या जुन्या भागात उतरता येते. स्थानकावरच एक कार्ड मिळते. त्यात पैसे भरून भुयारी रेल्वे, बस आणि ट्राम या सर्वांवर ते चालते. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, नवराबायकोंनी एकावर जाऊ म्हटल्यास चालणार नाही. 65 वर्षांवरील माणसांस सरकारी आगगाडीत व बहुतेक संग्रहालयांत सवलत मिळते. पारपत्र दाखवून ती मागून घ्यावी.

शहर सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात. आमच्या गुडघ्यांच्या मते त्या अधिक असाव्यात. पदपथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या लहान दगडांचे आहेत, दिसण्यास रांगोळीसारखे सुंदर, पण पावसात शेवाळलेल्या पायरीइतके निसरडे. चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत. आमच्या भगिनींनी साडीच हवी असा आग्रह असल्यास ती थोडी उंच नेसावी आणि आत लोकरीचे काही घालावे. अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम जुन्या गल्ल्यांतून फिरते, ती पाहण्यासारखी आहे. तीत खिसेकापूंचाही सुळसुळाट असतो. पारपत्र खोलीवर ठेवून त्याची नक्कल जवळ बाळगावी. कोणत्याही संकटात 112 हा क्रमांक फिरवावा. भारताचा दूतावास लिस्बनमध्येच आहे, त्याचा पत्ता आणि क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

जेवणाचे म्हणाल तर मासे खाणाऱ्याचे हाल होत नाहीत. तार्ले तेथे निखाऱ्यावर भाजून देतात आणि भाताला ते लोक नाक मुरडत नाहीत. शाकाहारी माणसाने मात्र सावध असावे, कारण हिरव्या पालेभाजीच्या सारातही मांसाचा तुकडा सोडण्याची रीत आहे. 'सें कार्न', म्हणजे मांसाशिवाय, आणि 'सें पैश', म्हणजे माशाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. कस्टर्डची जी प्रसिद्ध गोल मिठाई आहे तीत अंडे असते. खाणावळीत बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात आणून ठेवतात. तो पाहुणचार नव्हे. खाल्ले तर पैसे लागतात, नको असेल तर हात न लावता परत करावे. नळाचे पाणी पिण्यास चांगले आहे. मार्तीं मोनीज चौकाच्या आसपास डाळ, तांदूळ, मसाले विकणारी आपल्याकडच्या लोकांची दुकाने पुष्कळ आहेत. लुमियार भागात महात्मा गांधींचे नाव दिलेल्या रस्त्यावर राधाकृष्णाचे मोठे मंदिर आहे. ते चालविणारा हिंदू समाज बहुतांशी गुजराती असून त्यांतील अनेक कुटुंबे मोझांबिक 1975 मध्ये स्वतंत्र झाल्याच्या सुमारास तिकडे गेली. मंदिराच्या आवारात शाकाहारी जेवण मिळते. वेळ आधी विचारून जावे. आल्कांतरा भागात 'काझा द गोवा' ही गोवेकरांची संस्था आहे.

भाषेचे भय बाळगू नये. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, मेज, जनेल, बालदी, पगार हे शब्द आपण रोज बोलतो ते तिकडूनच आलेले आहेत. उच्चार थोडे निराळे एवढेच. सकाळी 'बों दिया', विनंतीला 'पुर फावोर', आणि आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' व स्त्रीने 'ओब्रिगादा' म्हणावे. एवढ्यावर दुकानदाराचा चेहरा खुलतो. आणि हो, तुरुंग हा आपला शब्दही त्यांच्याच भाषेतून आलेला मानतात. त्याविषयी आता बोलावयाचे आहे.

पाहण्याच्या जागा सांगताना मार्गदर्शक पुस्तके बेलेंपासून आरंभ करतात. तेथे नदीकाठी जेरोनिमुशचा भव्य मठ आहे. त्याचे बांधकाम 1501 मध्ये सुरू झाले, आणि पूर्वेच्या मसाल्यांवर बसविलेल्या कराचा पैसा त्यात ओतला गेला. आत वास्को द गामाची कबर आहे. तो 1524 मध्ये कोचीनला वारला आणि त्याच्या अस्थी मागाहून पोर्तुगालला नेण्यात आल्या. मठ अवश्य पाहावा, त्यातले दगडावरचे कोरीव काम पाहून हात जोडावेत अशी कारागिरी आहे. सोमवारी तो बंद असतो. मात्र त्या मिऱ्यांचा पैसा कोणत्या किनाऱ्यांवरून गेला हे बरोबरच्या नातवंडांना सांगावे.

आम्ही आपल्या माणसांस आग्रहाने सांगतो, त्या जागा याहून निराळ्या आहेत. मुख्य देवळाजवळच अल्जूब नावाची जुनी तुरुंगाची इमारत आहे. सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांना तेथे डांबीत. 2015 पासून तेथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे संग्रहालय आहे. ते पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख कळते की, ज्या राजवटीने आपल्याला छळले तिने स्वतःच्या लोकांनाही सोडले नव्हते. लिस्बनहून उत्तरेस सुमारे 100 किलोमीटरवर समुद्राकाठी पेनिशचा किल्ला आहे. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 च्या चळवळीनंतर आठ वर्षांची शिक्षा देऊन याच किल्ल्यात ठेवले होते. तेथेही 2024 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उघडले. आणि काइश दु सोद्रे स्थानकातून काश्कायशकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलात तर वाटेत काशियश हे स्थानक लागते. तेथील किल्ल्यात मोहन रानडे होते. सांगलीकडचा हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात आला, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, आणि पुढे पोर्तुगालला नेला गेला. 19 डिसेंबर 1961 रोजी आपण सारे मोकळे झालो, पण रानडे सुटले ते जानेवारी 1969 मध्ये. सात वर्षे आपण स्वातंत्र्यदिन साजरा करीत होतो तेव्हा ते तेथेच होते. काशियशला आजही कारागृह आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. आम्ही स्थानकावर उतरून दोन मिनिटे उभे राहिलो आणि पुढची गाडी धरली. आपणही तसे करावे, एवढीच विनंती. 1974 मध्ये पोर्तुगालच्या लोकांनी ती राजवट उलथून टाकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तेव्हा आजच्या लिस्बनकराविषयी मनात किल्मिष ठेवण्याचे कारण नाही. गोमंतकीय वंशाचे अंतोनियु कोश्ता हे 2015 पासून 2024 पर्यंत त्याच देशाचे पंतप्रधान होते, हेही आपण विसरता कामा नये.

आता कागद. लिस्बनच्या विद्यापीठ वसाहतीत तोंर्रे दु तोंबु हे राष्ट्रीय दफ्तरखान्याचे थोरले घर आहे. तोर्रे म्हणजे बुरूज, आणि तोंबु म्हणजे मालमत्तेची नोंदवही. दफ्तर पूर्वी सां जॉर्ज किल्ल्याच्या एका बुरुजात असे, म्हणून हे नाव. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बनला भयंकर भूकंप झाला, शहर कोसळले, जळाले, वर समुद्राची लाट आली. तो बुरूजही पडला. परंतु दफ्तराचे प्रमुख मानुएल द माया या वृद्ध अभियंत्याने ढिगाऱ्यातून कागद उपसून काढले आणि तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवले. म्हणून ते आजवर राहिले. 1990 मध्ये सध्याची इमारत झाली. गोव्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचे 'मान्सून ग्रंथ' म्हणून जे खंड आहेत, त्यांपैकी 62 खंड अठराव्या शतकात गोव्यातून तिकडे गेले ते तेथेच आहेत. उरलेले पणजीच्या दफ्तरखान्यात. जुंकेरा भागात समुद्रापलीकडील प्रांतांचे निराळे दफ्तर आहे. आणि उत्तरेस ब्रागा शहरातील ग्रंथालयात आपल्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन अक्षरांत उतरविलेली कोंकणी-मराठी हस्तलिखिते आहेत. आपल्या देवळांवर घाला पडला त्या काळातील हे कागद, तिकडे सांभाळून ठेवलेले पाहून मन चमत्कारिक होते.

परंतु तेथे जाऊन 'आमच्या घराण्याचे कागद दाखवा' म्हटल्यास कोणी काही दाखवू शकणार नाही. वर्ष, गाव, कागदाचा प्रकार आणि शक्य तर खंडाचा क्रमांक हाती असावा लागतो. पुष्कळ कागदांच्या प्रतिमा आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात, त्या आधी चाळाव्यात. त्याहीआधी पणजीचे दफ्तर पाहावे, आणि जन्म-विवाहाच्या नोंदींसाठी आपल्याच पेडण्याच्या वा डिचोलीच्या निबंधकाच्या कचेरीत जावे. या कामातला आपला वाटाड्या घरचाच आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा जन्म 1894 मध्ये डिचोली महालातील पिळगावचा. पणजीच्या दफ्तरखान्याची त्यांनी तीस वर्षे जोपासना केली, आणि पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांवरचा त्यांचा मराठी ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो. पिळगावच्या माणसाला लिस्बनचे विद्वान मान देत, तो ते दफ्तर त्याने तेथील लोकांहूनही बारकाईने वाचले होते म्हणून.

शेवटी सर्वांत नाजूक गोष्ट. पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, तसेच काही अटींवर त्याच्या मुलानातवंडांना, लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्म नोंदवून तिकडचे नागरिकत्व सांगता येते. आपल्या कितीतरी मुलांनी या वाटेने जाऊन युरोपात पोट भरले, घरचे कर्ज फेडले, बहिणींची लग्ने केली. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. परंतु भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे जो स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत. नंतर मिळते ते 'ओसीआय' कार्ड. त्यावर येथे येता येते, राहता येते. मत देता येत नाही, निवडणुकीस उभे राहता येत नाही, आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आलेली राखता येते, एवढेच. कुळागर आणि शेत हाच ज्यांचा संसार त्यांनी याचा विचार दहादा करावा.

आम्हास चिंता वाटते ती जाणूनबुजून निर्णय करणाऱ्याची नव्हे. चिंता आहे ती आजोबांची. मुलगा म्हणतो, 'बाबा, तुमची नोंद झाली की माझे काम सोपे होईल, नुसती सही करा.' लिस्बन पाहायला गेलेला वृद्ध मनुष्य प्रेमापोटी सही करतो, आणि ती कशावर केली हे त्याला वर्षभराने, मतदारयादीची किंवा पारपत्राची चौकशी निघाल्यावर कळते. मुलाचेही काही वाईट मनात नसते. दोघांपैकी कोणी कायदा विचारलेला नसतो. म्हणून सांगतो, असा विषय तेथे प्रवासात काढू नये. तो येथे, घरी, सर्वांनी बसून, जाणत्या वकिलास विचारून ठरवावा. कायदेही बदलत असतात, शेजाऱ्याच्या मुलाचे पाच वर्षांपूर्वी जमले म्हणून आपले आज जमेलच असे नाही. ठरले तर उघडपणे करावे आणि इकडचे पारपत्र नियमाप्रमाणे परत करावे. नाही ठरले तर भारतीय पारपत्रावर पाहुणा म्हणून जाऊन सुखाने परत यावे. ज्या शहरातल्या कारागृहात गोव्यासाठी माणसे कुजली, तेथे भारताचे पारपत्र दाखवून मोकळेपणी हिंडता येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

बंधुभगिनींनो, आता ट्रस्टपुढे एक सूचना ठेवून हे संपवितो. आपल्या दोन्ही महालांत पावसाची ओल अशी की, लाकडी पेटीतले कागद दर वर्षी थोडे थोडे नाहीसे होतात. वाळवी उरलेले खाते. महोत्सवाच्या वर्षात ट्रस्टने दोन-तीन तरुणांना बरोबर देऊन घरोघरच्या सभासदांच्या संमतीने जुन्या कागदांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकाची एक प्रत त्या घरी द्यावी आणि कोणत्या घरी काय आहे याची यादी करावी. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरीच राहतील. मोडी वाचणारी दोन वृद्ध माणसे आपल्यात अजून आहेत, तोवर हे काम उरकले पाहिजे. आरंभीच्या खर्चाचा आमचा वाटा आम्ही आज खजिनदारांकडे देत आहोत. आणि ज्यांना लिस्बनला जावयाचे आहे त्यांनी सभेनंतर आम्हास भेटावे. नकाशा, वही आणि जे आमच्यापाशी आहे ते सर्व आम्ही दाखवू.

 सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.